पैसा खात्यात हाय पण रपटा होत नाही – दिल्ली, मुंबई अन् आमची ग्रामपंचायत

कपाशीचं_बोंड | रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. लय दिवसांनी धागा काढून राह्यलो. विषय किचकट हाय पण मले खरंच समजून घ्याचं हाय, भांडण नाही लावाचं.

मी केळापूर तालुक्यातल्या एका लहान गावात ग्रामपंचायत सदस्य हाव. गाव अन् शाळेच्या मधात नाला हाय, त्याच्यावरचा रपटा (बुटका फरशीपूल) यंदा सप्टेंबरच्या पाण्यानं अर्धा वाहून गेला. पोट्टे चपला हातात घेऊन उतरतात, कापसाची बंडी तीन किलोमीटर फेरा मारून येते. मासिक सभेत सगळ्याईनं एकमतानं म्हटलं का रपटा घ्या. मंग ग्रामसेवक साहेबानं (आता त्याईले ग्रामपंचायत अधिकारी म्हणा लागते, २०२४ पासून नाव बदललं) लॅपटॉप उघडून दाखवलं. पैसा हाय! पंधराव्या वित्त आयोगाचा. पण तो बंधित. म्हणजे पाणी अन् स्वच्छता याच्याशिवाय दुसऱ्यावर खर्च करता येत नाही. अबंधित होता तो पथदिवे, ऑपरेटरचं मानधन अन् अंगणवाडीच्या फरशीत गेला. म्हणजे खात्यात पैसा हाय अन् नाही बी.

दुसरं, टाकी. जलजीवन मिशनची. चार खांब उभे हाय, शिडी लागली, वर टाकीच नाही. पोट्टे शिडीवर चढून रील बनवून राह्यले. ठेकेदाराच्या माणसाले इचारलं तं तो म्हणते बिल निघालं नाही. इंजिनियर साहेब म्हणते वरून निधी नाही. वर म्हणजे कुठून? तं मुंबईहून. मुंबईवाले म्हणते केंद्राचा हिस्सा आला नाही. दिल्ली कोणाकडे बोट दाखवते ते काही समजून नाही राह्यलं.

प्रश्न एवढाच का, महाराष्ट्र एवढा श्रीमंत म्हणता, मुंबई आपल्यात हाय, मंग आपल्या सरकारले दर गोष्टीले दिल्लीकडे पाहा काऊन लागते?

---

ढेकळं | रात्री ९:५१

दिल्ली देवाकडे बोट दाखवते भाऊ. २०२० मधे राज्यांना द्यायची जीएसटीची भरपाई कमी पडली तेव्हा अर्थमंत्र्यांनी हे देवाचंच करणं म्हणून सांगितलं होतं, विसरले का?

---

लेखा_आक्षेप | रात्री १०:३०

बोंडभाऊ, प्रश्न चांगला काढलात. मी तीस वर्षं कोषागार अन् लेखा विभागात काढली, आता अमरावतीला रिटायर होऊन बसलोय, तेव्हा जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो, मोठं होईल, चालवून घ्या.

दिल्लीहून राज्याकडे पैसा तीन वाटांनी येतो आणि तिन्हीची गंमत वेगळी आहे. पहिली वाट करातला हिस्सा. घटनेच्या कलम २८० खाली दर पाच वर्षांनी वित्त आयोग बसतो, तो सांगतो की केंद्राने गोळा केलेल्या करातले किती राज्यांना द्यायचे. तेराव्या आयोगाने ३२ टक्के सांगितले, चौदाव्याने एकदम ४२ केले, पंधराव्याने ४१ (तो एक टक्का जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यामुळे कमी). हा पैसा मोकळा असतो, राज्याने काहीही करावं, कोणी विचारत नाही. दुसरी वाट वित्त आयोगाची अनुदानं, त्यात तुमच्या ग्रामपंचायतीचा पैसा आला. आणि तिसरी वाट केंद्र पुरस्कृत योजना, म्हणजे घरकुल, जलजीवन, समग्र शिक्षा, आरोग्य अभियान, सगळं त्यात.

खरी मेख तिसऱ्या वाटेत आहे. तिथे केंद्र म्हणतं आम्ही ६० देतो, तुम्ही ४० टाका. जलजीवनला तर आपल्याकडे ५०-५० आहे. म्हणजे केंद्राचे ६० पाहिजे असतील तर राज्याला आपले मोकळे ४० त्याच खात्यात बांधून टाकावे लागतात. नाही टाकले तर पुढचा हप्ता नाही. आम्ही ऑफिसमधे त्याला 'मॅचिंग' म्हणायचो आणि फेब्रुवारी-मार्च आला की मॅचिंगसाठी जी धावपळ व्हायची ती विचारू नका. उपयोगिता प्रमाणपत्र (मिळालेला पैसा खर्च झाल्याचा दाखला) गेलं नाही म्हणून पैसा अडला आणि पैसा अडला म्हणून काम झालं नाही आणि काम झालं नाही म्हणून उपयोगिता प्रमाणपत्र देता येत नाही. ही फाइल मी स्वतः एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरताना आठ महिने पाहिली आहे.

तुमच्या टाकीचं सांगायचं तर मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, २०२४ पर्यंत घरोघरी नळ द्यायचा होता. मुदत संपली, काम बाकी. मग २०२५ च्या बजेटमधे २०२८ पर्यंत वाढवतो म्हणून घोषणा झाली. पण घोषणा आणि कोषागारात रक्कम जमा होणं यात जे अंतर असतं ना, तुमची टाकी त्या अंतरात लटकली आहे.

---

पुणेरी_खामगावकर | रात्री १०:४४

काका मस्त पण तुम्ही मूळ गोष्ट सोडली. आपण देतो किती आणि आपल्याला मिळतं किती!! इन्कम टॅक्स, जीएसटी दोन्हीत महाराष्ट्र एक नंबरला, आणि पंधराव्या आयोगाच्या वाटपात आपला वाटा ६.३१७ टक्के. उत्तर प्रदेशला १७.९३९, बिहारला १०.०५८. म्हणजे आपण कमवायचं आणि त्यांनी खायचं. मी इथं हिंजवडीत बसून दर महिन्याला टॅक्स कापून घेतो, माझ्या गावच्या रोडवर मात्र खड्डे. कर्नाटकवाले गेलेच ना २०२४ मधे फेब्रुवारीत जंतरमंतरवर, आपले लोक तोंड शिवून बसलेत.

---

कपाशीचं_बोंड | रात्री १०:५०

६.३१७ हे कसं ठरवते? लोकसंख्येवर?

---

स्पर्धा_परीक्षा_तिसरा_अटेम्प्ट | रात्री ११:०५

दादा हे माझं पाठ आहे, अभ्यासिकेत भिंतीवरच लावलंय. पंधराव्या आयोगाचा फॉर्म्युला असा की लोकसंख्या (२०११ ची) १५ टक्के, क्षेत्रफळ १५, जंगल-पर्यावरण १०, लोकसंख्या नियंत्रण १२.५, करवसुलीची मेहनत २.५ आणि सगळ्यात मोठा म्हणजे उत्पन्नातलं अंतर ४५ टक्के. म्हणजे जे राज्य दरडोई उत्पन्नात जेवढं मागं त्याला तेवढं जास्त. महाराष्ट्र वरच्या राज्यांत येतो म्हणून तिथं आपण मार खातो.

आणि पुणेरी दादा, चौदाव्या आयोगात आपला वाटा ५.५२१ होता, तो वाढून ६.३१७ झाला, हेही सांगायला पाहिजे.

---

झाडीपट्टीचा_गडी | रात्री ११:१२

इथंच तर घोळ आहे जी. सरासरी काढताना मुंबई, ठाणे, पुणे पकडून काढते, मग महाराष्ट्र श्रीमंत दिसते. त्या सरासरीत गडचिरोली बी आहे, वाशिम बी आहे, बुलडाणा बी आहे. दिल्लीनं मोजलं तेव्हा आम्ही श्रीमंत राज्याचे, म्हणून कमी. अन् मुंबईनं वाटलं तेव्हा आम्ही लांबचे, म्हणून कमी. दोन्हीकडून आमचाच हात रिकामा.

आमच्या गोसीखुर्द धरणाचंच घ्या. १९८३ मधे ३७२ कोटींचा प्रकल्प होता, भूमिपूजन १९८८ ला राजीव गांधींनी केलं. राज्याकडं पैसा नाही नाही म्हणत शेवटी राष्ट्रीय प्रकल्प केला तेव्हा कुठं दिल्लीचा पैसा लागला. आता खर्च १८ हजार कोटींच्या वर गेला. माझे आजोबा गेले वाट पाहून, बाप म्हातारा झाला, नहराचं पाणी आमच्या बांधीपर्यंत अजून आलं नाही. तवा मला दिल्लीला शिव्या देवाव का मुंबईला तेच समजत नाही.

---

पुणेरी_खामगावकर | रात्री ११:२०

गोसीखुर्द हा भ्रष्टाचाराचा विषय आहे, त्यात फेडरल स्ट्रक्चर कुठं आणता.

---

झाडीपट्टीचा_गडी | रात्री ११:२२

भ्रष्टाचार झाला तो बी पैसा आल्यावरच झाला जी 😄

---

लेखा_आक्षेप | दुसरा दिवस, सकाळी ७:१५

झाडीपट्टीच्या मुद्द्यावर एक गोष्ट सांगतो. तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष होते विजय केळकर. म्हणजे दिल्लीने राज्यांना किती द्यायचं हे त्यांनी ठरवलं. पुढे महाराष्ट्र सरकारने विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष पाहायला समिती नेमली, तिचेही अध्यक्ष केळकरच. २०१३ मधे अहवाल दिला. त्याआधी १९८४ मधे अनुशेषावरचाच दांडेकर समितीचा अहवाल. त्याच्याही आधी १९५३ चा नागपूर करार, ज्यात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च मिळेल असं कबूल केलं होतं. कलम ३७१(२) खाली १९९४ मधे भागाभागांच्या विकासासाठी वैधानिक विकास मंडळं आली, त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. २०२२ मधे मंत्रिमंडळाने परत आणायचा ठराव केला, पुढे काय झालं ते दिसतंच आहे.

फरक एवढाच की दिल्ली-मुंबईच्या मधे वित्त आयोग नावाचा पंच तरी बसतो, आकडा छापून येतो, कोणाला पटो न पटो. मुंबई आणि केळापूरच्या मधे कागदावर राज्य वित्त आयोग आहे, पण त्याच्या शिफारशींचं काय झालं हे तुमच्या सरपंचाला विचारा, त्याने नावही ऐकलेलं नसेल. दिल्लीने आमच्यावर अन्याय केला म्हणून जी भाषा मंत्रालयात बोलतात तीच भाषा आपण विदर्भवाले मंत्रालयाबद्दल बोलतो, शब्दाला शब्द. मी दोन्हीकडची पत्रं टाईप केलेली आहेत.

---

कपाशीचं_बोंड | सकाळी ८:०२

काका हे भारी सांगतलं. सरपंचाले इचारलं आताच फोनवर. तो म्हणते, "राज्य वित्त आयोग? पंधरावाच नं तो?"

---

ढेकळं | सकाळी ८:१०

😂😂

---

कोळशाची_धूळ | सकाळी ९:३३

वणीवरून. पुणेरी भाऊ म्हणते आपण देतो. आता आमचं ऐका. आमच्या इथला कोळसा निघते, ट्रक जाते, धूळ आमच्या कपाशीवर बसते, पांढरं बोंड काळं होते. रॉयल्टी राज्याले भेटते पण कोळशाची रॉयल्टी किती घ्याची ते दिल्ली ठरवते, १४ टक्के. राज्यानं म्हटलं वाढवतो, तं नाही. जुलै २०२४ मधे सुप्रीम कोर्टाच्या नऊ जजनी (आठ विरुद्ध एक) सांगतलं का रॉयल्टी हा टॅक्स नव्हे अन् राज्याले खनिजावर वेगळा कर लावता येते. म्हणजे इतकी वर्षं आपल्या जमिनीखालच्या मालावर आपल्या सरकारले कर लावता येते का नाही हेच पक्कं नव्हतं!

राज्याच्या हातात स्वतःचं ठरवाले राह्यलं काय, ते पहा. आधी विक्रीकर, व्हॅट राज्याचा होता, अर्थमंत्री बजेटमधे उभा राहून म्हणे अमुक स्वस्त तमुक महाग. १ जुलै २०१७ नंतर ते गेलं जीएसटी कौन्सिलकडे. तिथं केंद्राचं मत एक तृतीयांश अन् ठराव पास व्हाले पाहिजे तीन चतुर्थांश. म्हणजे केंद्र नाही म्हणालं तं सगळे राज्य एक झाले तरी काही होत नाही. मंग बाहेर उरलं काय? दारू, पेट्रोल-डिझेल अन् रजिस्ट्री. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ ला झाली अन् २०२१ ला उठली, कारणं अनेक सांगतली, पण तिजोरीचं गणित डोक्यात नव्हतं असं मले कोणी सांगू नये.

---

पुणेरी_खामगावकर | सकाळी १०:०१

पेट्रोलवर तर केंद्र जास्त लुटतंय.

---

स्पर्धा_परीक्षा_तिसरा_अटेम्प्ट | सकाळी १०:४०

पेट्रोलचं गणित मी मांडतो, मला याच्यात फार मजा येते (म्हणूनच बहुतेक मेन्स निघत नाही).

एप्रिल २०२५ ला वाढ झाली तेव्हा पेट्रोलवर केंद्राची एक्साइज ड्युटी लिटरला २१ रुपये ९० पैसे झाली. आता तुम्ही म्हणाल याचे ४१ टक्के राज्यांना. नाही! राज्यांना वाटायची असते ती फक्त बेसिक ड्युटी, ती आहे १ रुपया ४० पैसे. बाकी सगळं विशेष ड्युटी आणि सेस (उपकर), ते वाटपात येतच नाही. मग १ रुपया ४० पैशाचे ४१ टक्के म्हणजे ५७ पैसे, हे सगळ्या राज्यांत मिळून. त्यात महाराष्ट्राचे ६.३१७ टक्के. हिशोब करा, साडेतीन पैशाच्या आसपास येतं. बडनेरा रोडच्या पंपावर मी एक लिटर टाकलं की दिल्लीकडून माझ्या राज्याला या वाटेनं साडेतीन पैसे.

तसंच सगळीकडे. ४१ टक्के हे ढोबळ टॅक्सचे नाहीत, सेस-सरचार्ज आणि वसुलीचा खर्च काढून जे 'विभाज्य' राहतं त्याचे. ढोबळवर काढलं तर तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास येतं.

---

लेखा_आक्षेप | सकाळी ११:१०

गणित बरोबर. पण दोन गोष्टी जोडा. रस्त्याच्या सेसमधून काही पैसा राज्यांच्या रस्त्यांना परत येतो, पुरता गिळला जात नाही. आणि त्याच लिटरवर आपलं राज्य २५ टक्के व्हॅट आणि वर ५ रुपये १२ पैसे घेतं, ते विसरू नका. केंद्राला शिव्या देताना आपला गल्ला झाकून ठेवायचा ही सगळ्या राज्यांची जुनी सवय आहे.

---

वर्धेची_सून | सकाळी ११:४८

मला हेच म्हणायचं होतं. सगळं दिल्लीवर ढकलायचं सोपं असतं. राज्याचं २०२५-२६ चं बजेट ७ लाख कोटींचं, महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी, डोक्यावर कर्ज ९ लाख कोटींच्या वर. हे काय दिल्लीने करायला सांगितलं का? महाराष्ट्राच्या महसुलात जवळजवळ दोन तृतीयांश स्वतःचा कर आहे, बिहारचं उलटं, तिथं साधारण तीन चतुर्थांश दिल्लीहून येतं. म्हणजे आपलं राज्य बऱ्यापैकी स्वतःच्या पायावर आहे. तरी ठेकेदाराचे पैसे नाही द्यायला. का? लाडक्या बहिणीला एका वर्षाला ३६ हजार कोटी ठेवले ना.

---

मेळघाटची_रोजगार_सेविका | दुपारी १:२०

ताई, लाडक्या बहिणीवर सगळे घसरतात. आमच्या धारणीकडं त्या दीड हजारातच किराणा भरला जातो. मी तरी त्याला उधळपट्टी नाही म्हणणार.

मला वेगळं सांगायचं आहे. रोजगार हमी. दिवाळीनंतर आमचे लोक एकतर नागपूर-अमरावतीच्या साइटवर निघून जातात नाहीतर गावात मजगीचं, बांधबंदिस्तीचं काम निघालं तर थांबतात. २०२५-२६ ला ३१२ रुपये रोज. आतापर्यंत मजुरीचा पूर्ण पैसा केंद्राचा होता, राज्याने फक्त सामानाच्या खर्चात चौथा हिस्सा टाकायचा. डिसेंबर २०२५ मधे नवा कायदा पास झाला, त्याला सगळे जी राम जी म्हणतात, १०० चे १२५ दिवस केलेत आणि मजुरीसकट ६०-४०. म्हणजे आता मजुरीतले पण ४० टक्के राज्याने टाकायचे. आणि कोणत्या राज्याला किती रक्कम ते दिल्ली आधीच ठरवणार, त्याच्यावर गेलं तर राज्याने बघायचं. पेरणी-कापणीच्या दिवसांत ६० दिवस काम बंदही ठेवता येणार.

१२५ दिवस ऐकून गावात लोक खुश झाले. मी नाही झाले. आता मजुरी लटकली तर मी कोणाला फोन लावू? आधी निदान एक माहीत होतं की दिल्लीहून सुटली का नाही. आता दोघं एकमेकांकडं बघणार. बोंडभाऊंच्या टाकीसारखं.

---

लेखा_आक्षेप | दुपारी २:०५

सेविकाताईंनी नेमकं सांगितलं. यात एक जुनी गोष्ट आहे जी नवीन पिढीला माहीत नसते. रोजगार हमी ही मूळची महाराष्ट्राचीच योजना, वि. स. पागे यांची. १९७२ च्या दुष्काळात पसरली, १९७७ ला विधिमंडळात कायदा झाला. आणि पैसा कुठून? दिल्लीहून नव्हे. १९७५ मधे व्यवसाय कर लावला, शहरातल्या पगारदारांकडून घेऊन गावात कामाला. तुमच्या पगारपत्रकात दरमहा जे दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे कापतात ना, पुणेरी साहेब, तोच.

पण आता तो कर राज्याला वाढवता येत नाही, कारण घटनेच्या कलम २७६ मधेच वर्षाला २५०० ची कमाल मर्यादा लिहिली आहे, ती १९८८ पासून तिथेच आहे. १९८८ चे अडीच हजार आणि आजचे अडीच हजार! म्हणजे आपण आपल्या पैशाने सुरू केलेली योजना २००५ मधे देशाचा कायदा झाली, चांगलं झालं, मजुरी केंद्राने उचलली. आता त्यातले ४० टक्के परत आपल्या अंगावर आले, आणि ज्या करावर ती मूळ उभी होती तो मात्र तिथेच गोठलेला.

---

पुणेरी_खामगावकर | दुपारी २:१८

काका २०० रुपये कशाचे कापतात हे मला बारा वर्षांत आज कळलं.

---

कोळशाची_धूळ | दुपारी २:४०

अन् मधातच दिल्लीनं ऑगस्ट २०२५ मधे कापसाचं ११ टक्के आयात शुल्क काढलं डिसेंबरपर्यंत. शुल्क त्याईचं, भाव आमचा पडला. ८११० हमीभाव फक्त सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) काट्यावर, बाहेर व्यापारी त्याच्या खाली मागे.

---

ढेकळं | दुपारी २:४४

कापसावर धागा वेगळा काढा रे, इथं कापूस घुसला का रपटा राहून जाईल.

---

कपाशीचं_बोंड | दुपारी ३:३०

माह्या नावातच कापूस हाय, काय करता.

पण एक समजलं मले. आतापर्यंत मी समजत होतो का दिल्ली देते का नाही हा प्रश्न हाय. तो नाहीच. तामिळनाडूचं वाचलं, केंद्राच्या पीएमश्री शाळांच्या करारावर सही केली नाही तं समग्र शिक्षाचे दोन हजार कोटींच्या वर अडकले. बंगालचा रोजगार हमीचा पैसा २०२२ मधे बंद केला. म्हणजे पैसा हाय, पण दोरी लावून. अन् आमचा बंधित निधी बी तसाच, ६० टक्के दोरी लावून, ४० टक्के मोकळा. आमच्या गावाले पाणी बी पायजे, त्याले मी नाही म्हणत नाही, पण यंदा रपटा पायजे होता. ते गावाले माहीत, तालुक्याले माहीत, दिल्लीतल्या माणसाले कसं माहीत पडन?

आमच्या एका सदस्यानं आयडिया काढली का रपट्याले "सिमेंट नाला बांध" म्हणून दाखवा, पाणी अडवते म्हणजे जलसंधारण, बंधितमधे बसते, अन् वरून रस्ता. काका जमन काय?

---

लेखा_आक्षेप | दुपारी ३:४५

जमणार नाही. आणि जमलं तर तीन वर्षांनी ऑडिटमधे निघेल आणि वसुली सरपंच-ग्रामसेवकावर. माझं इथलं नाव उगाच 'लेखा आक्षेप' नाही. असले बांध मी कागदावर बरेच पाहिले, त्यांच्यावरून एसटी जाते.

दिल्लीच्या बाजूचंही थोडं ऐका. बंधित का केलं? कारण मोकळा सोडला तेव्हा कित्येक गावांत प्रवेशद्वार आणि बाकडे झाले, पाण्याच्या लाईनला हात लागला नाही. तुमच्या तालुक्यात कमानी किती आहेत मोजा.

---

कपाशीचं_बोंड | दुपारी ३:५२

आमच्याच गावात हाय एक. ज्या साली कमान झाली त्या साली हातपंप बंद होता. 🙏

---

झाडीपट्टीचा_गडी | दुपारी ४:२०

बोंडभाऊ, पंचायत समिती नाहीतर झेडपीच्या सदस्याला पकडा ना जी, त्यांच्या हिश्श्यातून घ्या. १० टक्के पंचायत समिती, १० टक्के झेडपी असते.

---

कपाशीचं_बोंड | दुपारी ४:२८

कोणाले पकडू? २०२२ पासून आमच्या यवतमाळ झेडपीवर प्रशासक हाय. निवडून आलेली बॉडी नाही म्हणून तो हिस्सा बी अडला. तुमच्याकडे भंडारा-गोंदियात निवडणूक झाली होती म्हणून तुमाले सदस्य तरी हाय. इथं निवडणूक घेणं राज्याच्या हातात, नाही घेतली तं पैसा अडवणं दिल्लीच्या हातात, अन् रपटा आमच्या नशिबात. पंधराव्या आयोगाची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतच, मंग सोळावा.

---

स्पर्धा_परीक्षा_तिसरा_अटेम्प्ट | दुपारी ४:३५

सोळाव्याचे अध्यक्ष अरविंद पानगढिया. परीक्षेला येणार हे, लिहून ठेवा.

---

लेखा_आक्षेप | संध्या. ५:१०

बोंडभाऊ, आता तत्त्वज्ञान पुरे, कामाचं बोलू. रपटा पावसात वाहून गेला म्हणालात ना? मग तो 'पूरहानी' मधे टाका. आपत्ती निधीत केंद्र ७५ आणि राज्य २५, शिवाय जिल्हा नियोजनमधूनही पूरहानी दुरुस्ती घेतात. नाही बसलं तर ३०५४ (रस्ते-पुलांचं बजेट शीर्ष) ला मागणी. आमदाराच्या पत्रावर पंचवीस-पंधरा (२५१५, ग्रामविकासाचं बजेट शीर्ष) हा शेवटचा उपाय, त्यात नंबर कधी लागेल सांगता येत नाही. पण आधी सांगा, सप्टेंबरमधे पंचनामा झाला होता का?

---

कपाशीचं_बोंड | संध्या. ५:२२

पिकाचा झाला. तलाठ्यानं वावरात येऊन फोटो काढला, ते साडेआठ हजार हेक्टरी आले बी काही लोकाईले. रपट्याचा कोणी केला नाही, आमच्या बी ध्यानात नाही आलं.

---

लेखा_आक्षेप | संध्या. ५:३०

तिथेच चुकलं. आता करा. मासिक सभेचा ठराव, नदी-नाल्याचे तारखेचे फोटो (शाळेच्या मास्तरांच्या मोबाइलमधे नक्की असतील, पोरं उतरतानाचे), आणि बांधकाम उपविभागाला अर्ज की स्थळपाहणी करा. अर्जावर पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

---

कपाशीचं_बोंड | तिसरा दिवस, दुपारी १२:५०

गेलो होतो. मास्तरच्या मोबाइलमधे १७ फोटो निघाले, एकात पोरगी नाल्यात बसली हाय अन् दप्तर डोक्यावर धरलं हाय. अर्ज देला. बाबू म्हणे ठेवून जा, मी म्हटलं पोच द्या. अर्धा तास बसवलं, मंग शिक्का मारला. शिक्का उलटा बसला, तारीख खालून वर वाचा लागते. चालते काय काका?

---

लेखा_आक्षेप | दुपारी १:०४

आवक नंबर हाताने लिहिला आहे का?

---

कपाशीचं_बोंड | दुपारी १:०६

हो, निळ्या पेनानं.

---

लेखा_आक्षेप | दुपारी १:०७

मग चालते. झेरॉक्स काढून ठेवा, शाई उडते.